हितं कुणाचं गाव होतं?

धरणाच्या भिंतीवर वारा एवढा होता की आईनं पदर दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता. साडीवर माझा जाड स्वेटर, पायात मुद्दाम घेतलेले बूट, कानाला मफलर. समोर ऑस्ट्रियातल्या मोझरबोडनचं पाणी. ते निळंही नाही आणि हिरवंही नाही, बर्फाच्या नदीनं दगड दळून काढलेलं पीठ त्यात मिसळलेलं असतं म्हणून त्याला तो दुधट रंग येतो. त्याच्या मागं हिमनदी, वर ढग, आजूबाजूला शंभरेक माणसं, आणि बहुतेकांचे हात फोन धरून वर गेलेले. मीही आईचा फोटो काढायला दोन पावलं मागं सरले होते. ती कठड्याला टेकून खाली बघत होती. मी म्हणाले, "आई, इकडं बघ ना." तिनं बघितलं नाही. पाण्याकडं बघतच विचारलं, "हितं कुणाचं गाव होतं गं?"

आणि मी पटकन म्हणून गेले, "कुणाचं असणार? दोन हजार मीटरवर आहोत आपण. इथं कोणी नव्हतं."

ती काही बोलली नाही. फोटोही नीट काढून दिला, हसून. पण ते "कोणी नव्हतं" त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. कारण मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त तिचा प्रश्न बाजूला सारला होता, आणि तोही अशा बाईचा, जिचं स्वतःचं गाव पाण्याखाली आहे.

गेल्या जुलैत आई माझ्याकडे म्युनिकला आली होती. गुडघे दुखतात, जिने नकोत, फार चालणं नको, पण डोंगर आणि पाणी दोन्ही दिसलं पाहिजे, असा विचार करून मी चार दिवसांसाठी ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे निवडलं. साल्झबुर्गला गाडी बदलली की दीड तासात तुम्ही थेट तळ्याच्या काठाला उतरता. थेट म्हणजे खरोखरच थेट. रूळ पाण्याला लागून जातात, खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला होईल असं वाटतं. १८७५ मध्ये ही रेल्वे आली आणि पिन्झगावच्या खोऱ्यातलं हे कोळ्या-शेतकऱ्यांचं गाव हळूहळू हवापालटाचं ठिकाण झालं. पुढं श्मिटनहोहेच्या डोंगरावर केबल कार झाली, तीही १९२७ ची. आज गावात हॉटेलं, आइस्क्रीमची दुकानं आणि खिडक्याखिडक्यांतून लोंबणारे लालभडक जिरेनियम. तरी सकाळी सहाला खिडकी उघडली की पहिला वास कापलेल्या गवताचा येतो, आणि त्याच्या मागोमाग शेणाचा. आईनं पहिल्याच सकाळी तो ओळखला. "गोठा आहे जवळ," म्हणाली, आणि तिचा चेहरा असा सैलावला की तेवढ्यासाठीसुद्धा आल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं.

तळं लांबीला चारेक किलोमीटर. काठाकाठानं फिरायला सपाट रस्ता, दर पन्नास पावलांवर बाक. संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा किट्झश्टाइनहॉर्नचं बर्फाळ टोक पाण्यात उलटं उतरतं आणि मधूनच एखादं हंसांचं जोडपं ते कापत जातं. उन्हाळ्यात इथं आखाती देशांतली कुटुंबंच्या कुटुंबं येतात. तिकडच्या उन्हातून सुटून या हिरव्यागार गारव्यात आलेल्या काळ्या अबायातल्या बायका, त्यांच्या पायडल बोटीतली आरडाओरडा करणारी पोरं, दुकानांवर जर्मनच्या जोडीला अरबी पाट्या. दुसऱ्या संध्याकाळी मी कॉफी घेऊन आले तर आई एका तिच्याच वयाच्या बाईशेजारी बाकावर बसलेली. मध्ये रुमालावर आमचा चिवडा आणि त्यांचे खजूर. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. दोघी पाण्याकडं बघत खात होत्या, आणि मधूनमधून गुडघ्यावर हात ठेवून एकमेकींना दुखणं सांगत होत्या.

पण काठावरच्या होडीत आई बसायला तयार नव्हती. पाऊण तासात तळ्याची फेरी मारून आणणारी मोठी बोट होती, तिकीट आमच्या हॉटेलच्या उन्हाळी कार्डावर फुकट. "तू जाऊन ये, मी बसते," एवढंच. मी आग्रह केला नाही. पाण्यावर जायचं म्हटलं की ती काठावर थांबते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी कॉलेजात असताना आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो होतो आणि तिथून खाली तापोळ्याला उतरलो होतो. मिनी काश्मीर म्हणतात त्याला. कोयना धरणामागच्या शिवसागराचं ते लांबच लांब पसरलेलं पाणी, दोन्ही बाजूंनी जंगल, मोटरबोटी, लाइफ जॅकेटं, मक्याची कणसं. मामेभावंडं उड्या मारत बोटीत चढली. आई काठावरच्या एका दगडावर पाण्याकडं पाठ करून बसली आणि आम्ही परत येईपर्यंत तशीच बसून राहिली. बोटवाला मधोमध गेल्यावर इंजिन बंद करून सांगत होता, खाली गावं आहेत, उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की देवळाचे दगड दिसतात. आम्ही वाकून बघितलं. काळंशार पाणी आणि त्यात आमचीच तोंडं. माझं आजोळ त्या पाण्यात कुठंतरी होतं, आणि मी त्याच्यावरून बोटीनं चालले होते, अंगावर नारिंगी जॅकेट घालून. तेव्हा मला थोडं थरारल्यासारखं झालं होतं आणि ते थरारणं आवडलंही होतं. वयच तसं होतं.

कोयनेचं पाणी अडलं तेव्हा आई नऊ-दहा वर्षांची होती. जावळी तालुक्यातलं तिचं गाव, पंचवीस-तीस उंबऱ्यांचं. उठवलेल्या लोकांना सांगली, सोलापूर, ठाणे, रत्नागिरी, जिथं जागा दाखवली तिथं जावं लागलं. आजोबांच्या वाट्याला तेव्हाचा कुलाबा जिल्हा आला, आताचा रायगड. डोंगरातली माणसं खाडीच्या खाऱ्या हवेत येऊन पडली. घराची लाकडं सोडवून घेतली, कौलं उतरवली, दाराची चौकट उंबऱ्यासकट उचलून आणली. ती चौकट मी बघितलेली आहे. रायगडातल्या घराच्या कुडाच्या भिंतीला ती फार मोठी होती, म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावून ती बसवली होती. जातं आणलं, पाटा आणला. उखळ मात्र राहिलं. ते सोप्यातच जमिनीत पुरलेलं होतं, अख्ख्या दगडात कोरलेलं. ते कसं निघणार?

निघायच्या दिवशी सकाळी आजीनं घर सारवलं. कौलं उतरलेली, वर नुसतं आभाळ, आणि ही बाई शेणाचा हात फिरवतेय. आई तिच्या मागं पाणी घेऊन. उखळातला कोंडा झाडून काढला, ओल्या फडक्यानं ते पुसलं. आई सांगते, "मी म्हणलं, आये, आता बुडणारच हाय की सगळं. तर म्हणाली, मग काय घाण टाकून जायचं व्हय?" हे सांगताना आईची भाषा आपोआप तिकडची होते. एरवी पन्नास वर्षं पुण्यात काढल्यावर तिच्या बोलण्यात फक्त "हितं" आणि "तितं" उरलंय.

तर ही बाई मोझरबोडनच्या कठड्याला टेकून उभी होती, आणि मी तिला सांगितलं, इथं कोणी नव्हतं.

तिथवर पोचायची वाट मोठी विलक्षण आहे. काप्रून गावाच्या पुढं खोऱ्याच्या तोंडाशी आपली गाडी सोडायची, मग त्यांच्या बसनं चढायचं. मध्येच रस्ता संपतो आणि समोर कड्यावर तिरपे रूळ टाकलेले दिसतात. त्यावरून शे-दीडशे माणसं एका वेळी मावतील एवढा उघडा फलाट चारशे तीस मीटर वर सरकत जातो. धरण बांधताना सामान चढवायला केलेला तो पाळणा आता पर्यटकांना नेतो. वर पुन्हा बस, अंधारे बोगदे, ज्यात भिंती खिडकीला घासतील असं वाटतं, आणि मग एकदम उजेड, खाली वासरफालबोडनचं पहिलं पाणी, आणि त्याच्या साडेतीनशेहून जास्त मीटर वर मोझरबोडनचं दुसरं. रात्री वीज उरली की खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की वरचं खाली सोडायचं. सगळ्यात उंच भिंत खालची, लिम्बर्गची, १२० मीटर. आपल्या कोयनेची १०३. पण पाण्याचा हिशेब केला तर ही दोन्ही तळी मिळून जेमतेम सहा टीएमसी होतील, आणि कोयना एकटी १०५ टीएमसी. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरंच कमी माणसांवर भागलं असंल." मी त्यावरही काही बोलले नाही.

भिंतीजवळच्या छोट्या प्रदर्शनात मी एकटी शिरले, आई बाहेर उन्हात बसली होती. तिथं जुने कृष्णधवल फोटो होते. धरणाच्या आधीची तीच दरी. तळाला सपाट कुरण, त्यातून नागमोडी जाणारा ओढा, लाकडी झोपड्या, दगड ठेवून दाबलेली छपरं आणि चरणारी गुरं. उन्हाळ्यात खालच्या गावांतले गवळी गुरं घेऊन इथं चढायचे, तीन-चार महिने राहायचे, दूध तापवून चीज करायचे आणि थंडी पडायच्या आत उतरायचे. डोंगर चढणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या जागाही होत्या. म्हणजे "इथं कोणी नव्हतं" हे साफ खोटं होतं. बारमाही नसेल, उंबरा नसेल, सातबारा नसेल, पण दरवर्षी त्याच जागी चूल पेटत होती.

रात्री हॉटेलात आई झोपल्यावर मी फोनवर आणखी वाचत बसले. या धरणाच्या कामाची सुरुवात १९३८ ची, ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत ओढला गेला त्याच वर्षाची. हजारो वेठबिगार आणि युद्धकैदी इथं आणून राबवले गेले. पुरेसे कपडे नाहीत, पुरेसं अन्न नाही, आणि दोन हजार मीटरवरचा हिवाळा. किती जण हिमकड्यांखाली गेले, किती जण उपासमारीनं आणि आजारानं. सोविएत कैद्यांचं स्मारक काप्रूनमध्ये आहे. युद्ध संपल्यावर मार्शल योजनेच्या अमेरिकी पैशानं काम पुढं चाललं आणि १९५५ मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र झाला. त्यामुळे काप्रून म्हणजे राखेतून उठलेला देश, आपल्या हातांनी उभी केलेली वीज, असा अभिमान त्या पिढीच्या मनात रुजला. आपल्याकडे कोयनेचं काम सुरू झालं तेही त्याच दशकात. त्याच उमेदीनं. मुंबईच्या गिरण्यांना, पुण्याच्या कारखान्यांना वीज हवी होती. माझे वडील अशाच एका कारखान्यात नोकरीला होते. आमच्या घरातला दिवा, माझं शिक्षण, मी आज इथं म्युनिकमध्ये बसले आहे ते, यातलं काय काय त्या पाण्यातून आलं हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. कोयनेला नुसत्या शिव्या देणं मला कधी जमलं नाही. आईलाही नाही. ती म्हणते, "वीज लागतेच की. पण इचारायचं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पावाला लोणी लावता लावता, मी तिला सांगितलं. म्हणाले, आई, काल मी चुकीचं बोलले. तिथं गवळी राहायचे, उन्हाळ्यात. गुरं असायची. तिनं सुरी खाली ठेवली. "असणारच," म्हणाली, "एवढी सपाट जागा कोण सोडतंय?" आणि मग थोड्या वेळानं, "मग गुरं कुठं नेली त्यांनी?"

मी साठ वर्षांनंतरची माणूस. मी फोटोतली झोपडी बघितली, छपरावरचे दगड बघितले, वेठबिगारांची संख्या वाचली. गुरं कुठं गेली हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आईनं मग सांगितलं की त्यांच्याकडं दोन बैल, एक म्हैस आणि एक पाडी होती. ट्रकवाला गुरं घेईना. आजोबांनी बैल पडेल त्या भावानं बाजारात दिले, कारण त्या महिन्यात सगळं खोरंच गुरं विकायला काढून बसलेलं. म्हैस आणि पाडी एका मामांकडं ठेवली, घाटावर. आई पुढं तीन-चार वर्षांनी त्या मामांकडं गेली तेव्हा पाडीची गाय झाली होती. "ओळखलं का तिनं तुला?" मी विचारलं. आई म्हणाली, "नाही. जनावर हाय ते. चारा घालणाऱ्याला ओळखतं." आणि पावाचा तुकडा चहात बुडवला.

त्या दिवशी आम्ही ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्यानं गेलो. १९३५ साली खुला झालेला, ३६ वळणांचा, मंदीच्या काळात बेकारांच्या हातांना काम देत बांधलेला रस्ता. कुरणांतून चढत चढत झाडं संपतात, मग गवत संपतं, मग नुसता दगड आणि मधूनमधून मळलेलं बर्फ. पलीकडे उतरल्यावर सम्राट फ्रान्स जोसेफच्या नावाची जागा आहे. तो १८५६ मध्ये तिथं आला होता. समोर ३,७९८ मीटरचं ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर आणि खाली पास्टर्झे ही हिमनदी. हिमनदी म्हणताना डोळ्यांसमोर जे येतं ते आता तिथं नाही. मधोमध राखाडी दगडगोट्यांची मोठी खाच आणि तिच्या वरच्या अंगाला उरलेलं बर्फ. १९६३ मध्ये बर्फाजवळ उतरायला म्हणून तिरपी रेल्वे बांधली होती. तिचं खालचं टोक आज बर्फापासून कितीतरी उंचावर, कड्यावर थांबलेलं आहे. पायवाटेवर पाट्या आहेत, अमुक साली बर्फ इथवर होतं. मी आईला पाटी वाचून दाखवत होते आणि ती प्रत्येक पाटीशी थांबून खालच्या खाचेकडं बघत होती, जणू अंतर मोजून ठेवते आहे.

तिथंच मला एक गोष्ट कळली. पास्टर्झेचं वितळलेलं पाणी खाली मार्गारिट्झे नावाच्या धरणात अडवतात आणि साडेअकरा किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पलीकडं नेतात, थेट मोझरबोडनला. म्हणजे दक्षिणेला उतरायचं पाणी आल्प्सच्या कण्याखालून उत्तरेला जातं. काल आम्ही ज्या पाण्याकाठी उभ्या होतो, त्यातलं काही इथलं होतं. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला, कारण कोयनेचंही तेच आहे. पूर्वेला कृष्णेत जायचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं, पोफळीला जनित्रांवर सोडलं आणि वाशिष्ठीतून समुद्राला दिलं. आई हे लहानपणापासून जाणते. ती फक्त एवढंच म्हणाली, "आमच्या मागनं पाणी पण कोकणात आलं."

शेवटच्या संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता. काठ धुतल्यासारखा, बाकांवर थेंब, चर्चची घंटा वाजत होती आणि ती तळ्यावरून पलीकडं जाऊन परत येत होती. पायडल बोटी साखळीला बांधून ठेवलेल्या. पलीकडच्या डोंगरावर ढगाचा एक तुकडा झाडांत अडकून बसला होता. आम्ही दोघी उतरत्या पायऱ्यांशी उभ्या होतो, जिथं पोहणारे पाण्यात शिरतात. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे पण बांधलंय?"

"नाही," मी म्हणाले. "हे आपसूक झालेलं आहे. हिमयुगात बर्फानं खोदलं. सत्तर मीटरच्या आसपास खोल आहे."

"मग त्या वेळी हितं कुणी..."

"माहीत नाही, आई."

ती हसली. खरंखुरं, आवाज करून. मग पायरीवर माझा खांदा धरून बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, म्हणून मी खाली बसून सोडवली. मोजे काढले. तिनं निऱ्या गुडघ्यापर्यंत धरल्या आणि एक पायरी उतरली, मग दुसरी. पाणी घोट्याच्या वर आलं. तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते, आणि तिच्या पायांची बोटं, जोडवी, सगळं थोडं मोठं झाल्यासारखं. "लई गार हाय गं," ती म्हणाली, पण बाहेर आली नाही. वाकून तिनं ओंजळीत पाणी घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

मी तिचे बूट हातात धरून वर उभी होते. बोटीच्या धक्क्यावर दिवे लागले होते.

"उद्या गाडी कितीची आहे?" तिनं विचारलं.

"अकराची."

"मग सकाळी पहिल्या होडीत बसू," ती म्हणाली.